वीज गेल्यावरचीं दहा मिनिटें

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास बहुतेक मुंबई विजेवांचून राहिली, लोकलगाड्याहि थांबल्या. अशा वेळीं संगणकाजवळची यूपीएसची पेटी किती पुरते, तें पाहूं. पेटींतील बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. म्हणजे ८४ वॅट-तास. संगणक व पडदा मिळून १५० वॅट घेत असल्यास कागदावर अर्धा तास भरतो. पण शिशाची बॅटरी भराभर उपसली म्हणजे हात आखडता घेते. दहा मिनिटें मिळालीं तरी पुष्कळ! तेवढ्यांत लेख जतन करावा व यंत्र रीतसर बंद करावें. अर्धवट लिहिली गेलेली फाइल नासूं शकते. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. म्हणून अधूनमधून, काम जतन करून, भिंतीवरचें बटण आपण होऊन बंद करून पाहावें.