पावणेदोन भागिले अर्धा

छात्राध्यापकांना अनेक ठिकाणी एक वर्गवारी शिकविली जाते. एक मूल पाहून शिकते, दुसरे ऐकून, तिसरे हाताने करून; ज्याची जी शैली, त्याला तसा पाठ. कल्पना सहृदय वाटते. परंतु हॅरल्ड पाश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली तिच्यामागील संशोधन तपासले, तेव्हा अशा अध्यापनाने मूल अधिक शिकते, याला पुरेसा आधार सापडला नाही.

खरी उणीव अन्यत्र आहे. अमेरिकेत डेबोरा बॉल यांनी भावी शिक्षकांना विचारले : पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्याला साजेसा प्रसंग सांगा. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. साडेतीन हे उत्तर बहुतेकांनी काढले. प्रसंग मात्र फार थोड्यांना रचता आला. कित्येकांनी अर्ध्याने भागणे म्हणजे दोघांत वाटणे असेच धरले. पावणेदोन लिटर दुधात अर्ध्या लिटरची मापे किती, एवढाच तो प्रश्न! तो उलगडायला चित्रही हवे, शब्दही हवेत, प्रत्यक्ष मापही हवे. आणि ते प्रत्येकालाच हवे. रीत पाठ होती, अर्थ कोणी शिकविलाच नव्हता.

आणि 'हा हाताने शिकणारा' असा शिक्का श्रमिकाच्या मुलावर एकदा बसला, की बीजगणित त्याच्या वाट्याला येणे कठीण. हात आणि बुद्धी यांची ही वाटणी या देशाला नवी नाही. छात्राध्यापकांच्या परीक्षेत शैलींची नावे विचारण्याऐवजी भागाकाराचा असा एक प्रसंग लिहावयास सांगावा. त्याला ना अनुदान लागते, ना नवे उपकरण.