किल्ली कोणाच्या हाती?



गेल्या पंधरा-वीस वर्षांत मध्यमवर्गीय घरातील लोखंडी कपाट हळूहळू रिकामे होत गेले आणि त्यातील कागद ई-मेलच्या पेटीत जाऊन बसले. आधारकार्डाची प्रत, आयकराचे विवरणपत्र, खरेदीखत, वडिलांच्या हृदयतपासणीचा अहवाल, मुलीची जन्मपत्रिका, सारे तेथे आहे. संस्था चालविणाऱ्यांच्या पेटीत तर देणगीदारांची नावे, सदस्यांचे पत्ते, वसतिगृहातील मुलांची माहितीही असते. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असे. या नव्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे घरातील किती जणांना सांगता येईल?

ई-मेलची घडणच मुळात उघड्या पत्राची आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश धाडला आणि १९८२ मध्ये या टपालाची नियमावली ठरली, तेव्हा महाजालावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी आपसांत लिहिलेली ती पोस्टकार्डे होती; त्यांना लाखेची मोहर लावावी असे कोणाला वाटले नाही. आणीबाणीत ज्यांची पत्रे फोडून वाचली गेली, त्या पिढीला उघड्या पत्राचा अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही.

आज बहुतेक ई-मेल सेवा ‘आमचे टपाल सुरक्षित आहे’ असे सांगतात, आणि ते खोटेही नसते. परंतु ते कुलूप बहुधा वाटेतले असते. टपालाची गाडी बंद दाराची असते म्हणून पत्रे रस्त्यात पडत नाहीत. मात्र टपाल कचेरीत पोती उघडली की तेथील माणसाच्या हाती पत्र येतेच. नेहमीच्या सेवांमध्ये पत्रे कंपनीच्या संगणकावर साठविली जातात आणि त्यांची किल्लीही कंपनीकडेच राहते. गुगलने २०१७ मध्ये जाहिरातींसाठी जीमेलमधील मजकूर चाळणे थांबविण्याची घोषणा केली, याचा अर्थ तोवर तो चाळला जात होता! याहूवर २०१३ मध्ये झालेल्या चोरीत सर्वच्या सर्व तीन अब्ज खाती सापडली, हे उघड व्हायला २०१७ साल उजाडले.

दुसरा मार्ग आहे तो टोकापासून टोकापर्यंतच्या कुलुपाचा. त्याची कल्पना नाक्यावरच्या टपालपेटीसारखी आहे. पेटीच्या फटीतून पत्र कोणीही टाकावे, उघडण्याची किल्ली मात्र एकाच्याच खिशात. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या: एक जगजाहीर, तिने पत्र बंद होते, दुसरी खासगी, तिनेच ते उघडते. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये ही दिशा दाखविली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यासाठी चालण्याजोगे गणित बसविले. ते सामान्य माणसाच्या संगणकावर आणले १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी, ‘पीजीपी’ या नावाने. अमेरिकी शासनाने शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली त्यांची चौकशी आरंभली आणि ती १९९६ मध्ये सोडून दिली. गणिताच्या एका सूत्राला तोफेच्या पंक्तीत बसविले गेले, यावरून त्याची शक्ती ध्यानात यावी.

पण सेवा निवडताना केवळ ‘कूटबद्ध’ या शब्दावर भुलू नये. कॅनडातील हशमेल ही या प्रकारची जुनी आणि नावाजलेली सेवा. २००७ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तिने काही ग्राहकांची पत्रे वाचता येतील अशा रूपात तपासयंत्रणांना दिल्याचे उघड झाले. सोयीसाठी परवलीचा शब्द क्षणभर कंपनीच्या संगणकावर जात असे. तेवढी फट पुरेशी ठरली.

लॅव्हाबिटची कथा याहून बोलकी आहे. टेक्सासमधील लेडार लेव्हिसन यांची ही लहानशी सेवा. चार लाखांवर ग्राहक, त्यांतच एडवर्ड स्नोडेन. २०१३ मध्ये न्यायालयाने एका ग्राहकाच्या शोधासाठी साऱ्या सेवेची किल्ली मागितली. लेव्हिसन यांनी ती बारीक ठशात अकरा कागदांवर छापून दिली. न्यायालय संतापले, दररोज पाच हजार डॉलरचा दंड लावला. किल्ली द्यावी लागली. परंतु ८ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सचोटीचा होता, रचना कच्ची होती. सगळ्यांच्या सुरक्षेची एकच किल्ली एका ठिकाणी असेल तर ती कधीतरी मागितली जाणारच.

आज प्रचलित असलेल्या प्रोटॉन आणि टूटा या सेवांनी हा धडा घेतला आहे. प्रोटॉन २०१४ मध्ये सुरू झाली, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या संशोधकांच्या हातून. टूटा जर्मनीतील हॅनोव्हरची. दोहोंत खासगी किल्ली ग्राहकाच्या परवलीच्या शब्दानेच उघडते. टूटा पत्राचा विषयही झाकते, प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ तितकी झाकलेली नसते. मात्र कायद्यापलीकडे कोणीच नाही: २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनने फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या संगणकाचा महाजालावरील पत्ता नोंदवून दिला. पत्रांचा मजकूर मात्र देता आला नाही. पाकीट बंद राहते, पाकिटावरचे शिक्के दिसतात, असा हा प्रकार आहे.

आणि ज्याला पत्र लिहायचे तो जीमेलवर असेल तर? साध्या रीतीने पाठविलेले पत्र तेथे पोचताच पुन्हा उघडे. त्यासाठी परवलीचा शब्द घालून पत्र बंद करण्याची सोय दोन्ही सेवांत आहे. तो शब्द दूरध्वनीवरून सांगावा, दुसऱ्या ई-मेलने नव्हे.

येथे स्वदेशीचा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. चेन्नईची झोहो आज लाखो केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे टपाल सांभाळते. माहिती देशात राहावी, परकीय न्यायालयाच्या आदेशावर ती अवलंबून नसावी, हा विचार योग्यच आहे. परंतु स्वदेशी असणे आणि टोकापासून टोकापर्यंत बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या वापरात झोहोच्या पत्राची किल्लीही सेवेकडेच असते. अभिमानाने सेवा निवडावी, पण किल्लीचा प्रश्न तेथेही विचारावा.

दुसरी बाजूही आहे. चेन्नईतील शाळांना २०२४ मध्ये बाँबच्या धमक्या आल्या, त्या प्रोटॉनवरून. त्याच सेवेतून महिला कर्मचाऱ्यांविषयी अश्लील पत्रे आल्याच्या तक्रारीवरून एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती देशात रोखण्यासाठी पावले उचलण्याचे निर्देश केंद्राला दिले. पोलिसांची अडचण खरी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, तेही खरे. हा तिढा इतक्यात सुटणारा नाही. म्हणून सर्व व्यवहार एकाच परदेशी पेटीत नेऊन ठेवणे व्यवहार्य नाही.

मग निवडावे काय? सामान्य कुटुंबाने पेटी बदलण्याआधी आहे त्या पेटीला दुहेरी पडताळणी लावावी; बहुतेक चोऱ्या गणित फोडून नव्हे, परवलीचा शब्द काढून घेऊन होतात. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, संस्थेचे कोषाध्यक्ष, म्हणजे ज्यांच्याकडे दुसऱ्यांचा विश्वास ठेवलेला आहे, त्यांनी मात्र एक कूटबद्ध खाते वेगळे ठेवावे आणि शक्यतो पैसे देऊन घ्यावे. ज्या सेवेची संगणकीय आज्ञावली सर्वांना तपासण्यास खुली आहे, तिलाच प्राधान्य द्यावे.

एक इशारा मात्र आधीच समजून घ्यावा. अशा सेवेत परवलीचा शब्द विसरला आणि पुनर्प्राप्तीची सोयही हरवली, तर जुनी पत्रे कंपनीलाही उघडता येत नाहीत. खाते उघडताना मिळणारा पुनर्प्राप्तीचा संकेत कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा, आणि तो तेथे आहे हे घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.