शिक्क्यावर नंबर, गाव नाही

काशीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडची मराठी वस्ती ठाऊक असते. छावणीकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही. तिथं ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. ३ आणि ९ गोरखा रायफल्सचे रंगरूट तिथं तयार होतात. या दोन्ही रेजिमेंटांच्या पलटणी पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, फ्रान्सच्या आघाडीवर गेल्या होत्या. कुलबीर थापांचा व्हिक्टोरिया क्रॉस १९१५चा, तिसऱ्या गोरखातला. त्या पराक्रमावर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी त्यांच्या टपालाकडे वळतो.

परदेशी गेलेल्या फौजांना सरकारनं अक्षरं दिली होती. 'ए' म्हणजे फ्रान्स, 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया. आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी 'डी'मध्ये होत्या. कुतच्या वेढ्यात अडकल्या त्या याच. पंचम जॉर्जच्या तिकिटावर काळ्या शाईत 'आय. ई. एफ.', म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, असं छापलेलं, आणि शिक्क्यात फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर नि तारीख. थैली शत्रूच्या हाती पडली तरी कोणती पलटण कुठं आहे ते कळू नये, एवढाच हेतू. पण घरी आईच्या हाती काय? नंबर! मुलगा नेमका कुठं, हे तिनं कोणाला विचारायचं?

फ्रान्समधल्या बुलोनला हिंदी टपालाची तपासणी चाले. प्रमुख होते आयसीएस अधिकारी हॉवेल. पत्रांचे ढीग येत. सगळी वाचणं अशक्यच, म्हणून निवडक उघडायची. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे, ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. म्हणजे मनातली गोष्ट आधी लेखनिकाला सांगायची, मग साहेबानं वाचायची, आणि गावी पोचल्यावर जो कोणी वाचून दाखवील त्यानं ऐकवायची! शिपाई काही भोळे नव्हते. कोणी लिहिलं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. साहेबाला ते उमगलं, हा भाग निराळा. शिपाई पत्रात कविता करू लागले की हॉवेलला काळजी वाटे. हे मन बिघडल्याचं लक्षण, असं त्याचं मत. मला ते निरीक्षण मोठं मार्मिक वाटतं.

त्यानं अहवालांना जोडलेले इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ कागद बहुतेक गेले. ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच फायलीत ती माणसं बोलताना सापडतात.

आताही जवानाच्या पत्त्यात 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसचा नंबर असतो, गाव नसतं. पलटण हलली तरी पत्ता तोच. हे टपाल सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीत आहे. पत्रं कमी झालीत, पण माहिती शत्रूच्या हाती पडण्याची धास्ती कमी झालेली नाही: २०२०मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुकही होतं.