बचावपटूची पारख



कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बर्फावरच्या हॉकीवर काय बोलावे, असे आपल्याला वाटले असेल. आमची वाट डेट्रॉइटवरून गेली. मोटार-कामगारांच्या लढ्यांविषयी वाचता वाचता त्या शहराची ओळख झाली, आणि तिथल्या हॉकीसंघाने १९८९ साली निवडलेल्या एका स्वीडिश पोराची हकीकत हाती लागली. त्याचे नाव निक्लास लिडस्ट्रॉम.

या खेळात चेंडूऐवजी रबराची चकती असते. दरवर्षी अठराच्या आसपासच्या मुलांची नावे संघ पाळीपाळीने उचलतात. कोणत्या मालकाकडे जायचे, हे मुलाला कोणी विचारीत नाही. (आम्हांला हे खटकते, पण तो आजचा विषय नव्हे.) पुढच्या फळीतल्या मुलाची पारख त्यातल्या त्यात सोपी. त्याचे गोल मोजावेत. बचाव करणाऱ्याचे काय मोजणार? त्याचे काम म्हणजे जे घडले नाही ते! म्हणून जाणता पारखी बारीकसारीक गोष्टी पाहतो. समोरचा चाल करून आला की पोरगा पाठमोरा घसरत किती अंतर राखतो? चकती घ्यायला मागे जाताना खांद्यावरून नजर टाकतो का? त्याची काठी कोणती वाट अडवून असते? चकती मिळाल्यावर घाबरून भिरकावतो, की आपल्या गड्याच्या काठीवर नेमकी देतो? धडका देणारा दांडगा पोरगा चटकन डोळ्यांत भरतो. हा भरत नाही.

लिडस्ट्रॉमच्या आधी ५२ मुले उचलली गेली. तो आणखी दोन हंगाम स्वीडनमध्येच खेळला आणि १९९१ साली डेट्रॉइटला आला. उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस चषक त्याला पहिल्यांदा मिळाला २००१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पुढे तो एकूण सात वेळा मिळाला. १५६४ साखळी सामन्यांत त्याचा दंडाचा वेळ सारा मिळून ५१४ मिनिटे, म्हणजे तीन सामन्यांमागे सुमारे एक मिनिट.

हे वाचताना आमचाच एक जुना प्रसंग आम्हांला बोचू लागला. एका कारखान्यात लेथवर एक उमेदवार पोरगा होता. सहा महिन्यांनी फोरमनने शेरा मारला, ‘हात मंद.’ नगांचा आकडा खरोखरच कमी होता. तेव्हा बोनसची बोलणी चालू होती. एका उमेदवारापायी ती अडू नयेत म्हणून आम्ही गप्प राहिलो. तो गेल्यावर तपासणीवरचा एक सोबती म्हणाला, ‘‘दादा, त्याचा एकही नग आम्ही परत पाठवला नव्हता. तुम्ही विचारलंच नाही.’’ परत गेलेल्या नगांची वही पलीकडच्या खोलीत होती. फोरमनने ती उघडली नाही, आणि आम्हीही नाही.

आता, प्रत्येक मंद पोरगा लिडस्ट्रॉम निघतो असे नव्हे. निवडलेली पुष्कळ मुले वरच्या दर्जाचा एकही सामना न खेळता घरी जातात, आणि धीर धरणाऱ्या संघाचीही फसगत होते. पण कोणती वही पाहून शेरा मारला, एवढे तरी विचारता येते. पुढच्या करारात आम्ही तसे कलम घालून घेतले : तपासणीची वही जोडल्याशिवाय उमेदवाराला काढायचे नाही. तो पोरगा मात्र तोवर गाव सोडून गेला होता.