गिरडचे गोटे आणि लाल दगडांचा देश

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. मुलगा ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ नोकरीला आहे. पोहोचल्यावर दोन दिवसांनी तो म्हणाला, "बाबा, या वेळी तुम्हाला वाळवंटातले लाल दगड दाखवतो." मी हिंगणघाटच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. ग्रँड कॅन्यनचा छेद फळ्यावर किती वेळा काढला असेल, त्याची गणती नाही. मला आनंदच झाला. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "दगड पाहायला एवढ्या दूर कशाला यायचं? गिरडला जाऊन आलो असतो." तिचे हे वाक्य मला पुढे चांगलेच भोवले. ते कसे, ते शेवटी सांगतो.

अशा प्रदेशात सुट्टी कशी घालवावी, काय करावे आणि काय करू नये, हे आज तुमच्याशी बोलायचे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आता तिकडे आहेत. ज्यांची नाहीत, त्यांनाही यातले बरेचसे इथल्या इथे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट उन्हाची. मुलाने सांगितले, पहाटे पाचला निघायचे आणि माणशी चार लिटर पाणी घ्यायचे. मी हसलो. म्हटले, "अरे, वर्धा जिल्ह्यातला माणूस आहे मी. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशात जगलेला. मला ऊन काय शिकवतोस?" माझ्या या ऐटीमुळे चहापाणी करून निघायला आठ वाजले. फिनिक्सहून उत्तरेला दोन तासांवर सेडोना नावाचे गाव आहे. गावाभोवती तांबडेलाल कडे आणि सुळके उभे आहेत. त्यातला एक अगदी देवळातल्या घंटेच्या आकाराचा. त्याचे नावही 'बेल रॉक'. त्याच्या पायथ्याची पायवाट सोपी होती, म्हणून आम्ही चालतच राहिलो. अकराच्या सुमारास ही एकदम खाली बसली. म्हणाली, "अहो, मला चक्कर येऊन राहिली." चेहरा उतरलेला, हात थरथरत होते. एका खुरट्या झाडाच्या वीतभर सावलीत तिला बसवले, दुपट्टा भिजवून डोक्यावर ठेवला, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने ती सावरली आणि आम्ही परत फिरलो.

विचार केल्यावर माझी मलाच लाज वाटली. घरी मे महिन्यात अकरानंतर कुणी बाहेर निघाले, तर आपणच रागावतो. डोक्याला दुपट्टा, पोटात पन्हे, खिशात कांदा, हे आपण लहानपणापासून जाणतो. सुट्टीवर जाताना कपडे बरोबर नेतो आणि ही अक्कल तेवढी घरी ठेवून जातो. पैसे भरलेले असतात, दिवस मोजके असतात, म्हणून ऊनही आपली सोय पाहील असे वाटते. ऊन कुणाची सोय पाहत नाही.

ग्रँड कॅन्यनला तर हे दुप्पट जपावे लागते. ही दरी सुमारे १.६ किलोमीटर खोल आणि ४४६ किलोमीटर लांब आहे. काठावर हवा बरी असते आणि तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. डोंगर चढताना माणूस थकला की खाली उतरतो. इथे आधी उतरायचे असते आणि चढण शेवटी, थकल्यावर येते. दुपारच्या आत वर यायचे नसेल, तर खाली जाऊच नये. आम्ही काठावरूनच पाहिली आणि काही गमावले असे वाटले नाही.

दुसरी गोष्ट, दगड बघायला शिकावे. लोक तिथे जातात, दगडाकडे पाठ करतात आणि फोटो काढतात. मी नातीला म्हटले, आधी दगडाकडे तोंड करून उभी राहा. सेडोनाचे खडक सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वाळूच्या कणांवर लोहाचा पातळ थर चढलेला आहे. आपल्या वावरात विसरलेला नांगराचा फाळ एका पावसाळ्यात जसा तांबडा होतो, तसाच तो प्रकार. आपला वर्ध्याचा दगड काळा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. गंमत अशी की लोह त्यातही भरपूर आहे. हवेच्या आणि पाण्याच्या हाती ते किती लागले, यावरही रंग ठरतो.

पुढे पेज नावाच्या गावाजवळ अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ पाहिली. तिच्या भिंतींवर तिरप्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. त्या रेघा म्हणजे पुरातन वाळवंटातल्या टेकड्यांचे उतार. वाऱ्याने वाळू ज्या बाजूने ढकलली, तो कल कोट्यवधी वर्षे दगडात टिकून राहिला. नातीने त्या रेघांवरून बोट फिरवून विचारले, "आजोबा, म्हणजे हा वारा आहे?" माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एवढे चांगले उत्तर मला कुणी दिले नव्हते.

ग्रँड कॅन्यनमध्ये आपल्या माणसाला आणखी एक आश्चर्य भेटते. तिथल्या शिखरांना विष्णू, ब्रह्मा, शिव यांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने ही दरी अभ्यासली. त्याला त्या सुळक्यांत पूर्वेकडच्या देवळांचे आकार दिसले आणि त्याने अशी नावे देण्याचा पायंडा पाडला. तळाशी असलेल्या अतिप्राचीन खडकालाही विष्णूचेच नाव आहे. हिने तिथेच हात जोडले.

तिसरी गोष्ट पाण्याची. वाळवंटात पाण्याची भीती कसली, असे वाटेल. अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक वाहून मेले. घळीच्या वर पाऊस नव्हता. तो दूर कुठे तरी वरच्या अंगाला पडला आणि लोंढा घळीतून आला. हे ऐकताना मला आपल्याकडचे स्टीफन हिस्लॉप आठवले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच. ते स्कॉटिश मिशनरी. पण विदर्भातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही मानला जातो. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिलावर्तुळे आहेत. ती पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. वर्ध्याहून नागपूरला जाताना आपण तो भाग दर वेळी ओलांडतो. कोरड्या नाल्यावर कधी विश्वास ठेवू नये, हे ॲरिझोनात खरे आणि बुटीबोरीतही खरे.

चौथी गोष्ट, आपण कुणाच्या घरी आलो आहोत हे विचारावे. ती घळ नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे. नवाहो वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. काही जागी ते लोक फोटो काढू देत नाहीत, कारण ती त्यांची पवित्र स्थाने आहेत. आपल्याकडेही देवळात चप्पल बाहेर ठेवतात. तसेच ते.

पाचवी गोष्ट, रात्री लवकर झोपू नये. फ्लॅगस्टाफ या गावाने रस्त्यावरचे दिवे मुद्दाम मंद आणि खाली तोंड करून ठेवले आहेत. २००१ साली 'काळोख्या आकाशाचे शहर' असा जगातला पहिला मान त्याला मिळाला. तिथल्याच वेधशाळेत १९३० साली प्लूटो सापडला. रात्री आम्ही गावाबाहेर गाडी उभी केली. हिने वर पाहिले आणि म्हणाली, "आमच्या लहानपणी खळ्यावर झोपलो की असंच दिसायचं." खरेच होते. तेरा हजारांहून अधिक किलोमीटर येऊन आम्ही आमचेच जुने आकाश पाहत होतो.

आता शेवटची आणि माझ्यापुरती सर्वात महत्त्वाची गोष्ट. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीची झाडे तिथे दगड होऊन पडली आहेत. खोडाच्या गाठीसुद्धा दिसतात. पण हात लावला तर लाल-पिवळा गारगोटीसारखा दगड. उद्यानातून एक कपचीही उचलायची नाही, असा नियम आहे. निघताना नातीचा खिसा फुगलेला दिसला. मी रागावलो, तिने रडत रडत कपची काढून दिली. तेव्हा तिथल्या माहितीफलकाशी उभा असताना कळले, की लोक पूर्वी नेलेले दगड टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रे लिहितात. पण दगड मुळात कुठला, हे माहीत नसल्याने तो पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. असे परत आलेले दगड वेगळ्या ढिगात टाकतात.

नात डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, तुमच्या टेबलावर पण गिरडचा दगड आहे ना?"

ज्यांनी गिरड पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीदबाबांचा दर्गा. हिंदू आणि मुसलमान दोन्ही भाविक तिथे पूर्वापार येतात. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. माफी मागितल्यावर बाबांनी झाडाच्या पानांपासून त्यांना नवा माल दिला, अशी कथा. भूगोल सांगतो की लाव्हारस थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यात झिओलाइटसारखी खनिजे भरली, मग भोवतीचा खडक झिजला आणि आतले गोटे मोकळे झाले. मी मुलांना दोन्ही सांगत असे.

आणि दर वर्षी सहलीत म्हणत असे, "चला, प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक गोटा घ्या." वर्गात चाळीस मुले, तीस वर्षे. भूगोलाच्या मास्तराला गुणाकार येतोच. बाराशे दगड. त्यातले किती आज कुणाच्या घरी असतील? बहुतेक त्याच आठवड्यात कुठल्या तरी नालीत गेले असतील.

परत आल्यावर त्या हिवाळ्यात माझ्याजवळचे सात गोटे पिशवीत घालून मी गिरडला गेलो. टेकडीवर ते ठेवताना फुलं विकणारी बाई पाहत होती. म्हणाली, "गुरुजी, लोक इथून नेतात. तुम्ही आणून राहिले का?" मी म्हटले, "हो बाई, उधारी फेडून राहिलो." ती हसली. सातने काही टेकडी भरत नाही, हे मलाही कळते. कोणता गोटा कुठून उचलला होता, तेही मला सांगता आले नसते.

श्रोतेहो, लाल दगडांच्या देशात जायला मिळाले तर अवश्य जा. नाही मिळाले तरी अडत नाही. गिरडपासून फार लांब नाही, वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथल्या मातीत डायनासोरांचे अवशेष मिळाले आहेत. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधम येथे दगड झालेली झाडे आहेत. मुलांना घेऊन जा. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या, दगडाकडे तोंड करून उभे राहा. आणि घरी निघताना मुलांचे खिसे एकदा बघा. आपलेही बघा.