पहिल्या वर्षाची पाठराखण

(वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



बारावीस उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा गौरव आपण दरवर्षी करतो, आणि तो करावाच. परंतु हार सुकून गेल्यावर पुढील सहा महिन्यांत त्या मुलाचे काय झाले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आमच्या मते खरी चौकशी तेव्हाच करावयास हवी. म्हणून आज गुणांविषयी न बोलता विद्यापीठीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही घेतो.

ज्यास ८८ टक्के मिळाले, तोच मुलगा पहिल्या सत्रात एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. घरची मंडळी म्हणतात, शहराचे वारे लागले. वारे लागण्याइतकी उसंत त्या पोरास मिळालेली असते कोठे! खरे कारण निराळे आहे. शाळेत गुरुजी फळ्यावर लिहून देत, वही तपासत, गृहपाठ चुकला तर घरी निरोप धाडीत. महाविद्यालयात प्राध्यापक तासभर बोलतात आणि निघून जातात. वही कोणी मागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आता सर्वत्र श्रेयांकांचा हिशेब चालतो. एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात साधारण १५ तासांचे अध्यापन, आणि सत्रास असे वीस-बावीस श्रेयांक. हे तास वेळापत्रकात छापलेले असतात. त्यांच्यामागे खोलीवर बसून जो अभ्यास करावयाचा, तो मात्र कोठेच छापलेला नसतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची फसगत नेमकी येथे होते. त्यातून अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या अलीकडे पार भाद्रपदापर्यंत रेंगाळतात. शेवटच्या फेरीत आलेल्यास वर्ग सापडतो न सापडतो तोच चाचणी परीक्षा पुढे ठाकते.

भाषेची अडचण याहून जुनी. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मुभा दिली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि आपली बहुसंख्य मुले आजही इंग्रजी ग्रंथच हाती धरतात. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी शंका असूनही विचारीत नाही. विषय त्यास कळत नाही असे नव्हे. वाक्य चुकेल, शेजारची मुले हसतील, ही धास्ती असते. त्यास आमचे एवढेच सांगणे की, शंका मराठीत विचारावी. ऐकलेला धडा रात्री स्वतःच्या मराठीत अर्ध्या पानात उतरवावा आणि पारिभाषिक शब्द तेवढे इंग्रजी ठेवावेत. एकदा गोष्ट कळली की इंग्रजी वाक्य जुळविणे ही सरावाची बाब उरते.

आता एकटेपणाविषयी. मोबाईलमुळे घर खिशात आले. आई दिवसातून तीन वेळा चेहरा पाहते, जेवलास का विचारते. मायेपोटीच हे चालते, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्यामुळे शेजारच्या खाटेवरील मुलगा तीन-तीन महिने परका राहतो, हेही खरे. दर शनिवारी पिशवी भरून गावी पळणाऱ्या मुलाचे पुण्यात बस्तान कधी बसावयाचे? पहिली खेप गणपतीपर्यंत तरी लांबवावी. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का टाकतात, याचा अभ्यास अमेरिकेतील व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञाने केला. त्यांचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ बुद्धी वा पैसा यांनी हे ठरत नाही. त्या संस्थेतील अभ्यासाशी आणि तेथील माणसांशी विद्यार्थ्याचे नाते जडले की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा उपक्रम सुचविला. काही ठिकाणी तो मनःपूर्वक होतो. काही ठिकाणी तीन भाषणे आणि चहा, एवढ्यावर आटोपतो.

मुलींबाबत एक गोष्ट स्पष्टच बोलतो. नव्या रचनेत पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेले श्रेयांक मिळवून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. अडल्यानडलेल्या विद्यार्थ्यास पुढे पुन्हा परतता यावे, हा तिचा हेतू. चांगले स्थळ आले म्हणून ‘एक वर्ष झाले, प्रमाणपत्रही मिळाले’ असे म्हणून मुलीचे शिक्षण थांबविण्यासाठी ती नव्हे. आपल्या घरांतून असे होऊ पाहत आहे, म्हणून बोलणे भाग पडले.

मुलगी प्रथम सासरी निघते तेव्हा आपण तिच्याबरोबर पाठराखीण देतो. नवे घर, नवी माणसे, जिवाभावाचे एक माणूस जवळ असावे, हे आपल्या वाडवडिलांनी जाणले होते. अठरा वर्षांच्या मुलास अनोळखी शहरात धाडताना मात्र आपण एक गादी, एक बादली आणि शंभर उपदेश बरोबर देतो!

कोल्हापुरात १९०१ साली शाहू छत्रपतींच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलास छप्पर मिळाले तर तो शिकेल, हा त्यामागील विचार. आज खोली पैसे देऊन मिळते. मिळत नाही ते विचारावयाचे माणूस. रॅगिंगच्या भयाने आपण मुलांस वरच्या वर्गातील मुलांपासून चार हात दूर राहावयास सांगतो. भय निराधार नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्ये कायदाच केला. परंतु जुन्या प्रश्नपत्रिका, ग्रंथालयाची रीत, कोणत्या मेसमध्ये पोळी बरी मिळते, हे सारे त्याच मुलांपाशी असते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. शिष्यवृत्तीची सगळी रक्कम आज एकदम न देता निम्मी पहिल्या सत्राच्या निकालानंतर द्यावी, आणि ती देताना गुणांची अट घालू नये. जो अनुत्तीर्ण झाला त्याच्या घरी तर मंडळाच्या कोणीतरी ती स्वतः नेऊन द्यावी, म्हणजे भेटही होईल. दुसरी सूचना अशी की, प्रत्येक नवागतास त्याच शहरातील वरच्या वर्गाचा एक पाठराखा नेमून द्यावा. त्याने आठवड्यास एकदा भेटावे, एवढेच काम. तो आपल्याच ज्ञातीचा असला पाहिजे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. महाविद्यालयात जाऊन पुन्हा आपल्याच चार घरांत बसावयाचे, तर एवढ्या लांब जावे कशाला?

वरच्या वर्गातील जी मुले आज येथे उपस्थित आहेत, त्यांच्यासाठी कार्यवाहांच्या मेजावर एक वही ठेवली आहे. पंगत बसण्यापूर्वी त्यांनी तीत आपले नाव, शहर आणि शाखा लिहून ठेवावी.