कार्ड मशीन तपासेल, फोन कोण उचलणार?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आज खोट्या ओळखपत्राबद्दल बोलतो.

अमेरिकेत १९८४ साली कायदा झाला: जे राज्य २१ वर्षांखालच्यांना दारू विकू देईल, त्याचा रस्त्यांसाठी मिळणारा केंद्राचा काही निधी कापला जाईल. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. पण मुलं कॉलेजात येतात अठराव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांसाठी खोट्या ओळखपत्रांचा धंदा फोफावला.

मग कायदे कडक झाले. खोटं कार्ड दाखवणं गुन्हा, आणि बऱ्याच राज्यांत गाडीचं लायसन्सही निलंबित होतं. काही राज्यांनी दुकानदाराला सवलत दिली: कार्ड स्कॅन करून दारू विकली असेल, तर खटल्यात त्याला तो बचाव मांडता येतो.

स्कॅनर करतो काय? लायसन्सच्या मागच्या बारकोडमधली जन्मतारीख वाचतो आणि वय मोजतो. थोरल्या भावाचं खरं लायसन्स पुढे केलं, तर तो पास करतो. चेहरा माणसालाच बघावा लागतो. शिवाय दुकानात अडवलं तरी पार्टीत, मोठ्या मित्राकडून दारू मिळतेच. या कायद्यांनी पिणं किती घटलं, यावर संशोधकांचंही एकमत नाही.

कायदा फुकट आहे असं मी म्हणत नाही. अडथळा आला की काही जण मागे फिरतात. पण दोस्त बेशुद्ध पडला तरी पकडले जाऊ म्हणून मुलं मदत मागत नाहीत, हेही तिथं दिसलं. म्हणून अनेक राज्यांनी 'मेडिकल अ‍ॅम्नेस्टी' आणली: जीव वाचवायला फोन केला, तर २१ च्या आत प्यायल्याबद्दल कारवाई नाही.

आता माझी गोष्ट. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. मी इंजिनिअरिंगला होतो, वय १९. होस्टेलवरच्या एका दोस्तानं भाईजानचं लायसन्स दाखवून बाटली आणली. मी प्यालो नाही, पण खोलीत होतो. रात्री उलट्या करून तो निपचित पडला. आम्ही तासभर वाद घालत बसलो, तो दवाखान्यावरून नाही; त्याच्या अब्बांना कळलं तर काय, मोहल्ल्यात तोंड कसं दाखवायचं, यावरून! शेवटी रिक्षात घालून नेला. वाचला. पण तो तास मी विसरलेलो नाही.

आपल्या घरांत दारू हराम आहे, यावर वाद नाही. मीही तेच मानतो. पण 'आपली मुलं पीतच नाहीत' असं धरून चाललो, तर संकटात सापडलेला मुलगा घरी फोन कसा करणार?

म्हणून दोन गोष्टी करा. आपलं कार्ड कुणालाही वापरायला देऊ नका. आणि आज घरी गेल्यावर धाकट्या भावंडांना सांगा: "काहीही झालं, कितीही वाजले, आधी मला फोन कर. रागवायचं ते सकाळी बघू."